आपली पाळी, क्लबची रायफल

नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया या संघटनेचे पहिले अध्यक्ष गांधीजींच्या वाटेने चाललेले एक वकील होते, हे आजच्या बहुतेक नेमबाजांना ठाऊक नसतं. आडनाव मात्र सगळ्यांच्या तोंडी. ‘यंदा मावळंकर खेळलास का?’, ‘तिची मावळंकर क्लिअर झाली’, ‘माझी मावळंकर दोन पॉइंटांनी गेली’ ही रेंजवरची रोजची बोली. दादासाहेब मावळंकरांचं नाव अखिल भारतीय स्पर्धेला दिलं गेलं, ती स्पर्धा राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या वाटेवरची पायरी ठरली, आणि माणूस मागे पडून परीक्षा तेवढी उरली.

गणेश वासुदेव मावळंकरांचं घराणं मूळचं संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंगे गावचं. जन्म १८८८ मध्ये बडोद्याला, वकिली अहमदाबादला. १९३७ मध्ये ते मुंबई प्रांताच्या विधानसभेचे सभापती झाले. सत्याग्रहासाठी तुरुंगात गेले. तिथे भेटलेल्या कैद्यांच्या खऱ्या कहाण्या त्यांनी गुजरातीत लिहून ठेवल्या. १९५१ मध्ये रायफल संघटना स्थापन झाली तेव्हा ते हंगामी संसदेचे सभापती होते आणि पुढच्याच वर्षी पहिल्या लोकसभेचे सभापती झाले. अशा माणसाने बंदुकांच्या संघटनेचं अध्यक्षपद का घेतलं असेल? त्यांच्या मनातलं सांगण्याचा दावा मी करणार नाही, पण काळ पाहिला की उत्तराचा अंदाज येतो. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली आणि गोऱ्यांना त्यातून सूट दिली. बंदूक हाती असणं ही सरकारची मेहेरबानी ठरली. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध तक्रार होत आली. स्वराज्य आल्यावर नागरिकाने शस्त्र हाताळायला शिकावं, पण उघड्यावर, नियमाखाली आणि चार माणसांच्या देखत शिकावं, हा विचार गांधीवादी सभापतीला परका वाटायचं कारण नव्हतं. सभागृह चालवणाऱ्या माणसाला फायरिंग लाइनची शिस्त आवडली असेल, हा माझा आपला एक जास्तीचा तर्क.

त्याच पहिल्या लोकसभेत बिकानेरहून अपक्ष निवडून आलेले एक तरुण महाराज बसत. डॉ. करणी सिंह. म्हणजे संघटनेचा अध्यक्ष आसनावर आणि पुढे तिचा सर्वांत गाजलेला नेमबाज समोरच्या बाकावर, असं चित्र काही वर्षं दिल्लीत होतं. मावळंकर १९५६ मध्ये गेले. करणी सिंहांनी १९६० च्या रोमपासून १९८० च्या मॉस्कोपर्यंत पाच ऑलिंपिकं खेळली, १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये, म्हणजे उडत्या तबकड्यांच्या प्रकारात, रौप्य मिळवलं आणि नेमबाजीतला पहिला अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये घेतला. दिल्लीतली तुघलकाबादची रेंज आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. बापलेकीने एकाच खेळात अर्जुन पुरस्कार मिळवल्याचं उदाहरणही त्यांच्याच घरचं. कन्या राज्यश्री कुमारींना तो १९६८ मध्ये मिळाला.

राजेरजवाड्यांची ही नावं आपल्या इतिहासात नेहमी आधी येतात. त्यामुळे सुरुवातीची संघटना म्हणजे संस्थानिकांचा दिवाणखाना, असा समज झाला आहे. तो अर्धाच खरा. उडत्या तबकड्यांवर छर्ऱ्यांच्या बंदुकीने खेळायचं, तर खर्च राजालाच परवडणारा होता. पण रायफलीकडे पाहा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताकडून रायफल घेऊन उतरले ते हरिहर बॅनर्जी आणि सौरेन चौधरी. त्याच हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, म्हणून मराठी माणसाला ते शहर पाठ आहे. त्या दोन रायफलवाल्या बंगाली नावांची आठवण आपण ठेवली नाही. कलकत्ता-आसनसोलच्या बाजूला रायफल क्लब हा मध्यमवर्गाचा छंद होता आणि त्याची शिस्त आपल्याकडच्या क्लबांनी बरीचशी तिकडूनच उचलली, असं माझं मत आहे.

आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी क्लब म्हणजे पोलीस परेड ग्राउंडाच्या कडेला मातीचा भराव, पन्नास मीटरवर लाकडी चौकटी, वर पत्र्याची शेड. अध्यक्ष बहुधा कलेक्टर किंवा पोलीस अधीक्षक, सचिव एखादे वकील किंवा डॉक्टर, आणि खरं काम पाहणारा एक निवृत्त हवालदार. सभासदांत सैन्यातून परतलेले, शिकारीचे शौकीन, जंगलखात्यातले आणि एनसीसीत गोळीबाराची चटक लागलेले कॉलेजातले काहीजण. एनसीसी १९४८ मध्ये सुरू झाली. पॉइंट टू-टूच्या जुन्या रायफलीने पाच गोळ्या मारून कागदावर एक रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाईल असा ग्रुप काढणारा कॅडेट त्या दिवशी कॉलेजात हीरो असे. त्यातले काही पुढे क्लबाचा रस्ता धरत.

१९५९ चा नवा शस्त्रकायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमात आपल्या दृष्टीने महत्त्वाचा एक उल्लेख आहे: मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदाला लक्ष्यसरावासाठी पॉइंट टू-टू रायफलीचा परवाना देण्याची तरतूद. या एका ओळीवर देशातल्या क्लबांची सभासदसंख्या वाढली, हे खरं सांगून टाकलेलं बरं. काही मंडळी खेळासाठी आली, काही परवान्यासाठी. परवान्यावाले महिना-दोन महिन्यांत दिसेनासे होत आणि नूतनीकरणाच्या वेळी सचिवांचं प्रमाणपत्र घ्यायला पुन्हा उगवत. जुने सचिव त्यांना ‘पावसाळी सभासद’ म्हणत आणि प्रमाणपत्र देण्याआधी वीस गोळ्या मारून दाखवायला लावत. आपण ती प्रथा का सोडली, कळत नाही.

दुसरा बदल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आला. तोवर क्लबातल्या गप्पा वाघाने सुरू होत आणि वाघाने संपत. मचाण, हाका, बिबट्याची डरकाळी. शिकार बंद झाली तशी काहींनी बंदुका तेल लावून कपाटात ठेवल्या, काहींनी रागारागाने क्लब सोडला. जे राहिले त्यांना कागदाच्या लक्ष्यावर नव्याने शिकावं लागलं आणि तिथे त्यांची पंचाईत झाली. जनावर मोठं असतं, एक गोळी पुरते. लक्ष्यावर साठ गोळ्या, प्रत्येक आधीच्या इतकीच नीट. चांगले चांगले शिकारी या हिशेबात कारकुनांकडून हरले. आमच्यासारख्यांना हा खेळ आवडायला लागला त्याचं कारण हेच होतं.

पुढची दहा-बारा वर्षं म्हणजे टंचाईचा काळ. परदेशी रायफल आणायची तर आयात परवाना आणि कस्टम. चांगली काडतुसं बाहेरूनच यायची आणि कोट्याने मिळायची. देशी गोळ्यांवर सराव, स्पर्धेच्या दिवसासाठी जपून ठेवलेल्या मोजक्या विलायती गोळ्या. ठराविक गुणांच्या वर गेलेल्या खेळाडूला ‘रिनाउन्ड शॉट’ म्हणून मान्यता मिळाली की आयातीची आणि जादा काडतुसांची सोय होई. म्हणून त्या दोन शब्दांना आजही रेंजवर पदवीसारखा मान आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांसाठी तुघलकाबादची रेंज उभी राहिली आणि देशाला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय दर्जाची जागा मिळाली. आपल्या मुंबईचे अशोक पंडित याच कठीण काळातले. १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सेंटर फायर पिस्तूलमध्ये सुवर्ण आणलं.

पण संघटनेचं रूप बदललं ते एका वेगळ्याच गोष्टीने, आणि तिची तारीख लॉस एंजेलिसची आहे. १९८४ च्या ऑलिंपिकात दहा मीटर एअर रायफल दाखल झाली. एअर रायफलीला दारू लागत नाही, मातीचा भराव लागत नाही, शहराबाहेरचं मैदान लागत नाही. एक लांबट खोली, टोकाला लोखंडी पेटी, वर ट्यूबलाइट. शाळेच्या व्हरांड्यात, गोदामात, कॉलेजच्या तळघरात रेंज निघू लागल्या. पेलेट साडेचार मिलिमीटरचं, लक्ष्याच्या मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. रायफल साडेपाच किलोपर्यंत. ताकदीपेक्षा स्थिरपणाचा खेळ. तिथून मुली आल्या. आणि मुली आल्या तेव्हा क्लबातल्या शिव्या गेल्या, सिगारेटी बाहेर गेल्या आणि हजेरीपट नीट लिहिला जाऊ लागला. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.

वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज हे त्या बदलाचं मोठं घर. तिथे संजय चक्रवर्तींनी शिकवलेल्या मुलींची नावं कोणत्याही देशाने अभिमानाने घ्यावीत: अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे. अंजली, माहेरची वेदपाठक, एनसीसीतून आलेली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ती एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचली. नेमबाजीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. २००२ मध्ये म्युनिकला तिने ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ जिंकली. २००४ मध्ये सुमाने क्वालालंपूरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पात्रता फेरीत चारशेपैकी चारशे गुण मारून विश्वविक्रमाची बरोबरी केली. त्याच वर्षी अथेन्सला या तिघी एकदम भारताच्या संघात होत्या. एका शहरातल्या एका रेंजवरच्या तिघी. तिघीही पुढे प्रशिक्षक झाल्या. हे मला त्यांच्या गुणांइतकंच मोलाचं वाटतं. चक्रवर्ती सर २०२१ मध्ये करोनाने गेले. त्याच पिढीतले नाशिकचे भीष्मराज बाम, पोलीस सेवेतले वरिष्ठ अधिकारी आणि स्वतः नेमबाज. खेळाडूच्या मनाची तयारी हा विषय त्यांनी योगाभ्यासाच्या आधाराने मराठीत समजावून दिला. त्यांच्याकडे क्रिकेटपटूही जात. ते २०१७ मध्ये गेले. राष्ट्रीय प्रशिक्षक प्रा. सनी थॉमस केरळातले, इंग्रजी शिकवणारे. दीड तपाहून अधिक काळ त्यांनी भारतीय संघ सांभाळला. पोलीस अधिकारी, इंग्रजीचा प्राध्यापक, वरळीचे सर. या खेळाचे गुरू कोणत्या एका घराण्यातून आले नाहीत.

आता क्लबात शिरू या. पदकांच्या याद्या सगळ्या स्मरणिकांत सापडतात. क्लबात वागायचं कसं, हे कुठेही लिहिलेलं नसतं आणि संघटना टिकली ती त्या न लिहिलेल्या रीतींवर.

सभासद व्हायचं तर छापील अर्ज, एक सूचक, एक अनुमोदक, छायाचित्रं, ओळखीचे कागद आणि बहुतेक ठिकाणी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. घरात पहिला प्रश्न येतो, ‘बंदूक कशाला शिकायचीय?’ आई घाबरलेली असते, वडिलांना उगाच कोर्टकचेरी आठवते. म्हणून जाणते सचिव अर्जाबरोबर पालकांनाही बोलावतात आणि तासभर रेंजवर नुसते बसवतात. शांतपणा पाहून पालकांची भीती जाते. फटाक्यांचा आवाज, सिनेमातली मारामारी यातलं काहीच तिथे नसतं. असतात ती पाठमोरी उभी माणसं आणि अधूनमधून फुसकन सुटलेली हवा.

नव्याला पहिल्या दिवशी पेलेट देत नाहीत. रायफल भरलेलीच आहे असं धरून चालायचं. तोंड कायम लक्ष्याकडे. ट्रिगरवर बोट नाही. खाली ठेवताना चेंबरमध्ये रंगीत सेफ्टी फ्लॅग दिसला पाहिजे. दुसऱ्याच्या बंदुकीला न विचारता हात लावायचा नाही, ती पडत असली तरी आधी ओरडायचं. ‘स्टॉप’ कानावर पडलं की अर्धवट श्वासातसुद्धा थांबायचं. त्यानंतर काही दिवस नुसतं उभं राहणं: पाय खांद्याएवढे, डावं कोपर बरगडीवर, मान सरळ, आणि रिकाम्या रायफलीने ‘ड्राय’. चुणचुणीत पोरं इथे कंटाळून पळतात. राहतात ती चिवट. मुलगा हुशार आहे की नाही हे पाहू नका, तो कंटाळा किती सोसतो ते पाहा, असं जुने कोच सांगत.

रायफल क्लबची. हा मुद्दा मला या लेखात सगळ्यात जास्त सांगायचा आहे. जर्मन बनावटीची चांगली एअर रायफल आजही मध्यमवर्गीय घराला सहज झेपत नाही. त्या काळी तर स्वप्नच. क्लबाकडे दोन किंवा तीन, त्याही वेगवेगळ्या वयाच्या. एका सकाळी पाचसहा जणांनी आळीपाळीने वापरायच्या. प्रत्येकाची मान वेगळी, डोळा वेगळा, म्हणून प्रत्येकाचे साइटचे ‘क्लिक’ वेगळे. वहीत लिहून ठेवायचे: वर चार, उजवीकडे सहा. आपली पाळी संपली की साइट मूळ जागी आणून पुढच्याला द्यायची. कॅनव्हास आणि चामड्याचं जॅकेट एकच, आधीच्याच्या घामाने ओलं. ते चढवताना नाक मुरडणाऱ्याला पुढच्या वेळी पाळी शेवटची. या एका रायफलीने माणसं जशी जोडली तशी कोणत्याही वार्षिक स्नेहसंमेलनाने जोडली नाहीत. बँकेतला कारकून, डीवायएसपीची मुलगी, रिक्षावाल्याचा मुलगा आणि दंतवैद्य यांनी एकमेकांचे क्लिक पाठ केलेले मी पाहिले आहेत. कोणाचं लग्न ठरलं हे क्लबाला उशिरा कळे. कोणाचा नेम सध्या डावीकडे जातोय हे लगेच कळे.

लाइनवर हुद्दा चालत नाही. पोलीस अधीक्षक लेनसाठी थांबतात, रेंज ऑफिसर म्हणून उभा कॉन्स्टेबल ‘अनलोड’ म्हणतो आणि साहेब अनलोड करतात. आपल्या देशात अशा जागा मोजक्याच.

लाइनच्या मागे बोलायचं नाही. सामन्याच्या मध्यात कोणाला गुण विचारायचे नाहीत. विचारलेच तर तो माणूस पुढचा शॉट आठचा मारतो आणि दोष तुमच्या नावावर जातो. मात्र सव्वा तासाचा सामना संपला की सारा साचलेला आवाज एकदम फुटतो. चहाच्या टपरीवर प्रत्येक गोळीचं शवविच्छेदन. ट्यूबलाइट लुकलुकत होती, शेजारचा खोकला, मोजा ओला होता, पेलेटचा डबा नवा होता, रात्री झोप नव्हती. कारणं सांगण्यात नेमबाजाइतका कल्पक खेळाडू दुसरा नसेल. तरी या गप्पांत एक शिष्टाचार असतो: दुसऱ्याच्या वाईट गोळीवर हसायचं नाही, त्याने स्वतः हसायला सुरुवात केल्याशिवाय. आणि प्रतिस्पर्ध्याचे पेलेट संपले तर आपला डबा पुढे सरकवायचा. पेलेट उसने देऊन त्याच सामन्यात त्याच माणसाकडून हरलेले कितीतरी जण माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्या तोंडून तक्रार ऐकलेली नाही. डबा परत मागितल्याचं मात्र ऐकलं आहे.

मावळंकरच्या दिवसांत तर क्लब रस्त्यावर यायचा. जिल्हा, राज्य, विभाग, मग अखिल भारतीय. प्रत्येक पायरीला नवं गाव. लांब काळ्या पेट्या घेऊन दुसऱ्या वर्गाच्या डब्यात चढायचं, पेटी बर्थखाली मावत नाही म्हणून अंगावर घेऊन झोपायचं. ‘सतार आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणं सोयीचं, पण मग कोणीतरी वाजवायला सांगतं. परवान्याच्या प्रती, संघटनेचं पत्र, पोलीस ठाण्याची नोंद या कागदांची पिशवी बंदुकीपेक्षा जास्त जपायची. धर्मशाळेच्या एका खोलीत आठजण. कागदी लक्ष्यांच्या काळात निकाल भिंतीवर डकवला जाई. दहाच्या रेघेला भोक शिवलं की नाही, यावर गेज घालून वाद होत आणि हरकतीचे पैसे भरून दाद मागता येई. आता इलेक्ट्रॉनिक लक्ष्यं आली. शेजारच्या पडद्यावर १०.४ की १०.५ हे लगेच दिसतं, वादाला जागाच नाही. न्याय नक्कीच वाढला. भिंतीपाशी जमणारी, एकमेकांच्या खांद्यावरून पाहणारी ती गर्दी मात्र गेली.

कोल्हापूरबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण तिथे हा सारा प्रवास एका जिल्ह्यात दिसतो. कुस्तीच्या या गावात जयसिंग कुसाळे यांच्या हाताखाली मुली रायफल आणि पिस्तूल शिकल्या. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली. नेमबाजीत जागतिक विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला. महिलांचा तो प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, म्हणून जगज्जेतीला ऑलिंपिकसाठी थ्री पोझिशनकडे (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) वळावं लागलं आणि टोकियोला ती चाळिसाव्या वर्षी पोचली. राही सरनोबतने २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात पंचवीस मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेतलं आणि २०१८ मध्ये आशियाई सुवर्णही. मग राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडलेला, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस, दीपाली देशपांडेंचा शिष्य. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्याने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी मिळालं. वरळीत शिकलेली बाई शिकवते, कोल्हापूरचा मुलगा पदक आणतो: संघटनेच्या वंशावळीत मला ही ओळ सर्वांत आवडते.

देशाच्या पातळीवरचा आलेख सर्वांना माहीत आहे. अथेन्सला राज्यवर्धन राठोड यांचं रौप्य, २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राचं सुवर्ण, लंडनला विजय कुमार आणि गगन नारंग. मग रिओत शून्य. तेव्हा संघटनेने बिंद्राच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमून स्वतःची तपासणी करून घेतली. या निर्णयाचं श्रेय द्यायला हवं, जरी समितीचं म्हणणं बऱ्याच जणांना झोंबलं. टोकियोतही पदक नाही. २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील अठराव्या वर्षी कैरोत एअर रायफलचा जगज्जेता झाला. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत नेमबाजीत बावीस पदकं आणि पॅरिसला तीन कांस्य, त्यांतली दोन मनू भाकरच्या नावावर. सरबज्योत सिंग तिच्यासोबत मिश्र सांघिक प्रकारात.

या यशाने रेंजचं वातावरण बदललं आणि ते सगळंच चांगल्या दिशेने बदललं असं मी म्हणणार नाही. बीजिंगच्या आगेमागे अकादम्या निघाल्या. गगन नारंगची पुण्यात आली, सुमाची पनवेलला आली, इतरही अनेक. शिकवणं शास्त्रशुद्ध झालं, आहार आणि व्यायामाचा विचार सुरू झाला, गुण वाढले. त्याबरोबर फी आली, बॅचेस आल्या, आणि व्हरांड्यात डबे घेऊन बसलेले पालक दशांशात बोलू लागले. दहावीच्या टक्क्यांसारखी पोराच्या सरासरीची तुलना होऊ लागली. पूर्वी क्लबात चाळिशीतला एखादा माणूस निव्वळ मजेसाठी यायचा. संध्याकाळी चाळीस गोळ्या, चहा आणि घरी. त्याला पदक नको होतं, पण नव्या पोराची रायफल उंचीला लावून देणारा, निवडणुकीत खुर्च्या मांडणारा, पावसात पत्रा बदलणारा तोच असायचा. आजच्या वेळापत्रकात त्याला लेन मिळत नाही. मला वाटतं, संघटनेची खरी उणीव पदकतालिकेत शोधायची गरज नाही. ती या माणसाच्या जाण्यात आहे.

दुसरी गोष्ट, रायफली घरोघरी आल्या. हे चांगलंच झालं. पण प्रत्येकाची रायफल आली तशी क्लबची रायफल मागे गेली. कित्येक जिल्ह्यांत ती सील फाटलेली, हवा गळणारी, कपाटात उभी आहे. दुरुस्तीला माणूस नाही, सुट्या भागांना पैसे नाहीत. आणि तालुक्याहून एसटीने आलेल्या मुलाच्या हातात द्यायला काही नाही, म्हणून त्याला सांगितलं जातं, आधी रायफल घे, मग ये. कांबळवाडी, मावळंगे अशा गावांतून मुलं यायची असतील तर हे वाक्य आपल्या क्लबांतून बंद झालं पाहिजे.

२०२६ मध्ये संघटनेला पंचाहत्तर वर्षं होत आहेत. या निमित्ताने इमारती, सत्कार, चषक होतील तेव्हा होतील. प्रत्येक जिल्हा क्लबाने निदान दोन चालू एअर रायफली, एक छोट्या मापाचं आणि एक मोठ्या मापाचं जॅकेट आणि आठवड्यातली एक संध्याकाळ नव्या माणसासाठी राखून ठेवावी, एवढीच विनंती आहे. ज्या जुन्या सभासदांच्या घरी वापरात नसलेली एअर रायफल, साइट, स्लिंग, ग्लव्ह किंवा दुर्बीण पडून असेल, त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या सचिवांशी बोलावं. वस्तू चालू स्थितीत नसली तरी चालेल. सुटे भाग उपयोगी पडतात. परवान्याची शस्त्रं मात्र कायद्याची रीत पाळूनच द्यावीत, आणि देताना वहीतले आपले क्लिक खोडून टाकायला विसरू नये.